मोठी छत्री घेताना आधी बूड बघा



द्राक्षाचा हंगाम उतरतीला लागला आणि उन्हाळ कांदा काढणीला आला की आपल्या नाशिक भागात मोठ्या छत्र्यांची विक्री जोरात सुरू होते. महामार्गाच्या कडेला ओझर-पिंपळगावपर्यंत द्राक्षांची दुकानं, वणीच्या रस्त्याला चैत्राच्या यात्रेची दुकानं, गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार, सगळीकडे ह्या छत्र्या. कुणी गार्डन छत्री म्हणतं, कुणी बीच छत्री. आता वावरातही दिसायला लागल्यात, कांदा कापणाऱ्या बायांच्या डोक्यावर. चांगली गोष्ट आहे. पण घेताना माणूस काय बघतो? कापड बघतो, रंग बघतो, केवढी मोठी आहे ते बघतो आणि भाव करतो. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. मोठी छत्री खालून वर बघत घ्यायची. आधी बूड, मग दांडा, मग काड्या, आणि कापड सगळ्यात शेवटी.

कारण ऊन रोजचंच आहे, ते कुठलंही कापड थोडंफार अडवतं. छत्री मोडते ती वाऱ्याने. आणि मोडली तर निदान मोडून तिथेच पडते. उडाली तर कुणाच्या तरी अंगावर जाते. महामार्गावर एका दुकानाची उघडी छत्री उडून थेट डांबरावर येताना मी पाहिली आहे. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याने गाडी कशीबशी मातीत घातली म्हणून वाचला. दांड्याचं टोक अणकुचीदार असतं, जमिनीत घुसावं म्हणूनच तसं केलेलं असतं. तेच टोक हवेतून आलं तर भाल्यासारखं येतं. अमेरिकेत २०१६ साली व्हर्जिनिया बीचवर अशीच उडालेली छत्री लागून एक बाई दगावली. तिकडे हा प्रकार इतका वाढला की २०२४ मध्ये एएसटीएम ह्या मानकं ठरवणाऱ्या संस्थेने समुद्रकिनाऱ्यावरच्या छत्रीसाठी वेगळं मानक काढलं. छत्री आणि तिचं बूड मिळून ताशी ३० मैल, म्हणजे साधारण ४८ किलोमीटरच्या वाऱ्यात जागेवर राहिलं पाहिजे, असा त्याचा रोख आहे. वजनात सांगायचं तर ७५ पौंडांचा, म्हणजे ३४ किलोंचा रोध.

आपल्याकडे समुद्र नाही, मग हे कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्या हवामान खात्याचा एप्रिल-मे मधला इशारा आठवा. "मेघगर्जनेसह ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाने वारे." कधी ५० ते ६०. म्हणजे तिकडच्या मानकात जो वारा धरलाय तो आपल्याकडे वळवाच्या दिवसात दुपारी चारला हजर असतो. आणि आत्ताच कांदा उपटलेलं वावर किनाऱ्यावरच्या रेतीसारखंच असतं, वरचा अर्धा फूट सैल, खोचलेली वस्तू धरत नाही.

थोडा हिशोब करू, कारण नुसतं 'वारा जोरात असतो' म्हणून समजत नाही. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरून आदळला तर एक चौरस मीटरवर साधारण पावणेआठ किलोचा दाब देतो. ताशी ६० चा झाला तर साडेसतरा किलो. वारा दीडपट, दाब सव्वादोन पट. दुप्पट वाऱ्याला चौपट दाब. आपली ८ फुटी, आठ काड्यांची छत्री म्हणजे सव्वाचार चौरस मीटर कापड. सरळ उभी असते तेव्हा वाऱ्याला तिची कडच लागते, त्यामुळे जोर कमी असतो. पण एकदा का ती कलली आणि तिचं पोट वाऱ्याकडे झालं, की ४० च्या वाऱ्यात ३३ किलोंची आणि ६० च्या वाऱ्यात सत्तरीच्या पुढची ओढ बसते. हे कमीत कमी धरलंय. पोट खोलगट असल्यामुळे प्रत्यक्षात जास्तच. आणि ही ओढ जमिनीपाशी नाही बसत, सात फुटांवर बसते.

आता दुकानात छत्रीबरोबर जे स्टँड देतात ते बघा. अडीच फुटी फुली नाहीतर पाणी भरायचा प्लास्टिकचा डबा. पूर्ण भरला तर २० किलो. अडीच फुटी स्टँड म्हणजे मधल्या दांड्यापासून कडेपर्यंत सव्वा फूट. २० किलो वजन सव्वा फुटावर आणि वारा सात फुटावर. तरफेचा हिशोब केला तर वर साडेतीन किलोची ओढ बसली की स्टँड कलंडलं. साडेतीन किलो! लहान पोरगं दोरी ओढेल तेवढी. म्हणून मी म्हणतो, दुकानातलं स्टँड हे छत्री दुकानात उभी करायला दिलेलं असतं, बाजारात उभी करायला नाही.

वावरात तर स्टँड नकोच. जमीन आहे ना आपल्याकडे. द्राक्षवाल्याला हे शिकवायची गरज नाही. आपण मांडव उभा करतो तेव्हा कडेचा अँगल बाहेरच्या बाजूला तिरपा टाकतो, त्याला तारेचा ताण देतो आणि तारेचं टोक जमिनीत खोल पुरलेल्या दगडाला बांधतो. अख्ख्या बागेचा भार त्या ताणावर. मग सव्वाचार चौरस मीटरचं शीड उभं करताना नुसतं खोचून कसं चालेल?

माझ्याकडे पद्धत अशी आहे. छत्रीचा दांडा सैलसर आत जाईल एवढ्या जाडीचा जीआय पाइप घ्यायचा, तीन फुटाचा. एक तोंड वेल्डरकडून तिरपं कापून घ्यायचं. पहारीने भोक पाडून तो पाइप दोन फूट जमिनीत घालायचा, वर एक फूट ठेवायचा. भोवतीची माती पहारीच्या बुडाने ठेचून घ्यायची. मग छत्रीचा दांडा त्या पाइपात. आणि आता महत्त्वाचं. पाइपाला आणि दांड्याला आरपार एक भोक पाडून त्यात खिळ घालायची. बहुतेक लोक ही खिळ टाळतात, म्हणतात दोन फूट पाइप गेलाय, आता कुठे जाते. पण आपल्या मोकळ्या वावरात मार्च-एप्रिलमध्ये वावटळ येते. ती आडवी ढकलत नाही, खालून वर उचलते. पाइप जमिनीत राहतो आणि छत्री बाटलीच्या बुचासारखी निघून जाते. खिळेला दोन रुपयेही लागत नाहीत.

असे चार पाइप वेगवेगळ्या सऱ्यांत आधीच बसवून ठेवले तर कापणी पुढे सरकेल तशी छत्री उचलायची आणि पुढच्या पाइपात घालायची. सैल मातीत नको असेल तर बांधाच्या कडेला, जिथे माती दबलेली असते तिथे पाइप घाला आणि कांदे तिथे ओढा. काळ्या जमिनीत मात्र भेगेजवळ पाइप घालू नका, भेग रुंदावत जाते आणि पाइप हलायला लागतो.

रस्त्याच्या कडेला दुकान असेल तर मुरूम ठेचलेला असतो, पाइप जात नाही. तिथे वजनच लागतं, पण वजन पसरून. फुली अडीच फुटाऐवजी पाच फुटी करून घ्या, तेवढ्याच वजनात दुप्पट आधार मिळतो. फुलीच्या प्रत्येक टोकावर सिमेंटच्या रिकाम्या गोणीत माती भरून ठेवा, एक गोण ४० किलोच्या पुढे जाते. आडव्या ठेवा, उभ्या नको. काही जण जुन्या टायरमध्ये काँक्रीट ओतून मधे पाइप उभा करतात. तेही चांगलं, फक्त उचलायला दोन माणसं लागतात. दोरी बांधायची तर दांड्याला बांधा, काड्यांच्या टोकांना नाही. काडीच्या टोकाला दोरी बांधली की पहिल्या झोताला काडी मोडते. पिकअप मागे उभी असेल तर तिच्या हुकाला ताण द्या. आणि मेहेरबानी करून वजनकाट्याच्या टेबलाला छत्री बांधू नका. छत्री गेली तर गेली, बरोबर काटा आणि गल्लाही जातो.

आता दांडा. मोटरसायकलवर न्यायची म्हणून दोन तुकड्यांचा दांडा घ्यावा लागतो, त्याला इलाज नाही. पण जोड बघा. वरचा तुकडा खालच्यात निदान वीतभर गेला पाहिजे. दुकानातच उभी करून वरून हलवा. जोडाशी कटकट वाजलं तर घेऊ नका. पत्रा किती जाड आहे ते नखाने वाजवून कळतं, पातळ दांडा डब्यासारखा वाजतो.

कलती करायची सोय असलेला दांडा, तो मधे वाकतो तो, ह्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. आपल्या कामाला तो नको. तो सांधा हीच सगळ्यात कमजोर जागा. आणि गरज तरी किती? एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावरच असतो, सावली सरळ खाली पडते. चार वाजता ती पूर्वेला लांब जाते, तेव्हा माणसांनी दोन पावलं सरकायचं. तरीही कुणाकडे कलती छत्री असेलच, तर एक गोष्ट आपल्या बाजूने आहे: उन्हाळ्यात दुपारनंतर ऊन पश्चिमेचं आणि आपला नेहमीचा वारा पण बहुतेक पश्चिमेचाच. छत्री पश्चिमेला झुकवली की ऊनही अडतं आणि वारा तिला वरून दाबतो, उचलत नाही. पूर्वेला झुकवली की वारा पोटात शिरलाच म्हणून समजा. पण वळवाचा झोत कुठूनही येतो, त्याला दिशा नसते. म्हणून आभाळ भरलं की हा हिशोब सोडायचा आणि छत्री मिटायची.

काड्या फायबरच्या घ्या. लोखंडी काडी एकदा वाकली की वाकलीच, सरळ केली तरी पुढच्या खेपेला त्याच जागी मोडते. फायबरची काडी लवते आणि परत येते. वरच्या टोपीकडे बघा. चांगल्या छत्रीला वर दुहेरी कापड असतं, मधून हवा जायला फट असते. खालून आलेला वारा तिथून निघतो आणि छत्रीखालची तापलेली हवाही निघते. पण काही छत्र्यांत ही टोपी शोभेला लावलेली असते, चारही बाजूंनी शिवून बंद. खालून हात घालून बघा, बोटं वर दिसली पाहिजेत.

कापडाबद्दल दोनच गोष्टी सांगतो. आतून चंदेरी लेप असेल तर डोक्याला झळ कमी लागते. आणि रंग. लाल छत्रीखाली टोमॅटो झकास दिसतो आणि द्राक्ष मेल्यासारखं दिसतं. निळ्या छत्रीखाली सगळंच शिळं. द्राक्षवाल्याने पांढरी, मोतिया अशीच घ्यावी. गिऱ्हाईक घडाचं देठ बघून भाव पाडतं. उन्हात देठ तपकिरी पडलं की मणी कितीही गोड असू द्या. म्हणजे छत्री हा शेवटी मालाचा भावच धरून ठेवते.

मोठी घ्यावी का? ७ फुटी आणि १० फुटी ह्यात फरक तीन फुटांचा दिसतो, पण कापड दुप्पट होतं, म्हणजे वाऱ्याची ओढ दुप्पट. मी म्हणेन ८ फुटीच्या पुढे जाऊ नका. जास्त सावली हवी तर दोन छत्र्या.

इथे कृषीवाली मित्रमंडळी हमखास विचारतात, चार बल्ल्या आणि वर शेडनेट, हे स्वस्त नाही का? आहे. आणि दहा-बारा बायांची टोळी एका जागी बसून कांदा कापणार असेल तर मी पण शेडनेटच लावेन. नेटमधून वारा निघून जातो, त्यामुळे ते छत्रीपेक्षा वाऱ्याला टिकाऊ आहे. पण दोघी-तिघी जणी सरीसरीने पुढे सरकतात, तिथे बल्ल्या दिवसातून सहा वेळा कोण उपटणार? उपटत नाहीत. मग पहिल्या तासानंतर नेट मागे राहतं आणि बाया उन्हात पुढे. तिथे छत्री.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते. ही छत्री कुणी घ्यायची?

पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात, उक्तं काम घेतात. सकाळी सातला बसतात ते दिवस कलेपर्यंत. कांद्याच्या वावरात झाड नसतं, बाभळसुद्धा नाही. बाया घरून काड्या आणि जुनी साडी आणतात, ती बांधून सावली करतात. वारा आला की साडी अंगावर पडते, पुन्हा बांधतात. आणि आपण बांधावर उभं राहून म्हणतो, "करतात त्या त्यांचं त्या." मला हे पटत नाही. खत आपलं, औषध आपलं, गोण्या आपल्या, मग सावली तेवढी मजुराची कशी? रोजगार हमीच्या २००५ च्या कायद्यात कामाच्या जागी पिण्याचं पाणी, मुलांसाठी आणि विसाव्यासाठी सावली, प्रथमोपचाराची पेटी द्यायची तरतूद केलेली होती. पाझर तलावाच्या खड्ड्यावर जी सोय सरकारने द्यायची असं आपण मानतो, ती आपल्या वावरात आपण द्यायला काय हरकत?

एक जण मला म्हणाला, उक्तं काम आहे, ऊन लागलं तर त्या हळू करतील, नुकसान त्यांचं. दादा, नुकसान आपलंही आहे. दुपारी दोन वाजता डोकं उन्हाने भणभणतंय अशा हाताने पात कापली की मान फार आखूड कापली जाते, आणि तो कांदा चाळीत आधी सडतो. पण हे कारण मी दुसऱ्या नंबरला ठेवतो. पहिलं कारण साधं आहे, त्या आपल्या वावरात बसल्यात. उन्हाने माणूस मरतं, हे आपल्याला माहीत नाही असं नाही.

म्हणून मी यंदापासून काम ठरवतानाच सांगतो, पाणी आणि सावली माझी. मुकादमाला पण बरं पडतं.

आणि छत्री दिली की तिच्याबरोबर मिटायची जबाबदारीही ठरवून द्या. एका बाईला किंवा पोराला सांगून ठेवा, छत्री मिटायचं काम तुझं. कधी मिटायची? वाऱ्याचा वेग मोजायची बोफर्टची जुनी श्रेणी आहे, दर्यावर्दी लोकांची, १८०५ सालची. तिच्यात चौथ्या पायरीची खूण अशी आहे की धूळ आणि सुटे कागद उडायला लागतात. तो वारा ताशी २० ते २८ किलोमीटर. सहाव्या पायरीची खूण तर सरळ छत्रीच आहे, छत्री धरणं अवघड होतं; तो ३९ ते ४९. आपण सहाव्या पायरीची वाट बघायची नाही. कांद्याची वाळकी पात ढिगावरून उडायला लागली की छत्री खाली. मिटून पट्टा बांधायचा आणि आडवी ठेवायची. मिटलेली पण उभी ठेवलेली छत्री रात्रीतून भोक मोठं करते. जेवायला झाडाखाली गेलात तर उघडी ठेवून जाऊ नका, वावटळ विचारून येत नाही.

गडगडाट ऐकू आला तर गोष्ट वेगळी. मोकळ्या वावरात लोखंडी दांड्याची छत्री ही वीज पडायला सगळ्यात उंच जागा. तेव्हा छत्री मिटत बसायचं नाही, तशीच सोडून पक्क्या घरात किंवा बंद काचांच्या गाडीत जायचं. झाडाखाली नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप मोबाईलमध्ये ठेवा, आजूबाजूला वीज होतेय का ते दाखवतं. मुकादमाच्या मोबाईलमध्येही टाकून द्या, कारण आपण बाजार समितीत असतो आणि वावरात तो असतो.

फुकटच्या छत्रीबद्दल बोलायचं राहिलं. औषधाच्या, बियाण्याच्या, मोबाईलच्या जाहिरातीच्या छत्र्या वाटतात. फुकट आहे म्हणून टाकून देऊ नका, पण जशीच्या तशी लावूही नका. त्यांचा सगळा खर्च छापलेल्या कापडावर झालेला असतो, दांड्यावर काटकसर. कापड काढून घ्या, मजबूत दांड्याच्या जुन्या छत्रीला चढवा. मृगाच्या आधी छत्री दुरुस्तीवाले गावात येतात, ते हे काम करून देतात. त्यांच्याकडूनच काड्यांच्या टोकाची शिलाई पक्क्या नायलॉन दोऱ्याने करून घ्या, कारण उन्हाने कापडाआधी दोरा कुजतो. पाऊस लागलेली छत्री ओली मिटून चाळीत टाकली तर पुढच्या वर्षी बुरशीचे डाग आणि वास दोन्ही मिळतात. एक दिवस वाळवून मगच ठेवा, आणि पाइपाची खिळ दांड्यालाच सुतळीने बांधून ठेवा, नाहीतर ऐन वेळी तीच सापडत नाही.

तुमच्याकडे मुरमाड जमिनीत छत्री रोवायची काही वेगळी पद्धत असेल तर जरूर सांगा. निफाडच्या काळ्या जमिनीतलं मी लिहिलं, पण सिन्नर, येवल्याकडे पाइप दोन फूट जात नाही अशी ओरड आहे.